एका रात्रीची ट्रायल

सातपूरच्या शेडमध्ये गाडी परत आली
तेव्हा आधी वास आला: सुक्या बोंबलाचा, ओल्या टॉवेलचा,
आणि तिसरा एक, ज्याला आमच्याकडे नाव नाही.
दोन वर्षांपूर्वी ही साधी सतरा सीटर होती,
शाळेची पोरं नेणारी. मीच तिच्यात
पलंग बसवला, ओटा, ऐंशी लिटरची टाकी,
सिलिंडरला पट्टा, खिडक्यांना जाळी.
पिंगळेबाई म्हणाल्या होत्या,
"धात्रक, डास आत नको, समुद्र आत हवा."
मी म्हटलं, जाळीला एवढं कळत नाही.

आता पंप बंद. बाकी तक्रार नाही, म्हणाल्या.
लोखंड वेगळं सांगत होतं.
बिजागऱ्यांना तांबूस मिशा फुटलेल्या,
मागचा बंपर दाभोळच्या फेरीबोटीनं चाटलेला,
छतावर फांदीचा लांब ओरखडा
(आंब्याची असेल, उंडीची असेल. मला फक्त प्लाय ओळखता येतो).
तौफिकनं सीटखालून वाळू काढली,
बारीक, करडी, गोदेला अशी नसते.
मूठभर निघाली, मग दोन मुठी, मग तो हसायलाच लागला:
"उस्ताद, बाईंनी किनारा भरून आणलाय."

ओट्याच्या खणात वही होती.
वाचायची नव्हती. वाचली.
केळवे. सुरूच्या बनात मुक्काम. डिझेल दोन हजार.
वेळास. कासवं नाहीत, कुत्री आहेत. चहा वीस.
आंबोळगड. भरती चाकापर्यंत. झोप नाही. छान.
भोगवे. हे दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी शंख दिला.
"छान"खाली दोन रेघा.

अकरा गाड्यांत मी घरं बसवली,
एकीतही रात्र काढली नाही.
समुद्र इथून चार तासांवर.
त्र्यंबकला उगवलेली नदीसुद्धा
जवळचा सोडून लांबचा धरते, पूर्वेला निघून जाते,
मग माझं काय, असं एकदा कुमुदला म्हटलं होतं.
ती म्हणाली, नदीला शेडचं भाडं नसतं.

पंप दुरुस्त झाला. पण पंपाचं असं आहे,
तो रात्री, शांततेत ऐकावा लागतो. असं मी घरी सांगितलं.
मी उसने पैसे मागितल्यासारखं कुमुदनं पाहिलं,
मग डब्यात पिठलं-भाकरी भरली.
गंगावऱ्ह्याला, धरणाच्या फुगवट्याशी,
द्राक्षाच्या शेवटच्या बागेपलीकडे गाडी लावली.
पाणी होतं. लाट नव्हती.
पलीकडच्या काठावर कुणाचा तरी दिवा,
कुणाची तरी मोटर, मग तीही बंद.
कुमुद पलंगावर बसून खिडकी सरकवत राहिली,
उघड, बंद, उघड.
"ही तुम्ही केली?"
"हो."
"मऊ सरकते."
सत्तावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल
ती पहिल्यांदा बोलली असावी,
किंवा मी पहिल्यांदा ऐकलं.

दीड वाजता नळ ठिबकायला लागला. वॉशर.
मी पान्याकडे हात नेला,
ती अंधारातून म्हणाली, राहू द्या,
एवढा तरी आवाज असू दे पाण्याचा.

शनिवारी पिंगळेबाई आल्या.
बिल: वॉशर एक, बिजागऱ्या चार, पंपाची मजुरी.
त्यांनी खण उघडला, वही चाळली,
शेवटच्या पानावर थांबल्या.
तिथे कुमुदचं अक्षर, चौथीतल्यासारखं गोल:
गंगावऱ्हे. भरती नाही. पिठलं घरचं. झोप लागली.

मला हे माहीत नव्हतं. कानशिलं तापली.
तौफिक उगाच आधीच झाडलेली जमीन झाडायला लागला.
बाईंनी चष्मा पुसला, माझ्याच खिशातलं पेन मागितलं,
"झोप"खाली दोन रेघा मारल्या
आणि बिलातले दोनशे कमी करायला लावले.